अति लाडाला नेमका शब्द कुठला? लाड, कोड, चोचले आणि जपणं

ओसरी:
लाड करणं आणि जपणं ह्या दोन गोष्टींची हल्ली फार गल्लत होते आणि ती बोलण्यापासूनच सुरू होते असं माझं मत आहे, म्हणून हा धागा काढतेय. आमच्या बिल्डिंगमध्ये सहावीतला एक मुलगा आहे. त्याचं दप्तर आजोबा बसपर्यंत घेऊन जातात, बुटाची नाडी आजी बांधते, संध्याकाळी खाली खेळायला आला तर आई बाकावर बसून असते आणि कोणी जोरात बॉल टाकला की लगेच उठून येते, पावसात भिजायचं नाही, मातीत हात घालायचा नाही, सायकलला अजून मागची छोटी चाकं तशीच. पण त्याच मुलाला मागितलेलं काही सहज मिळत नाही हो. मोबाईल नाही, वडापाव नाही, सुट्टीत मामाकडे एकट्याने राहायला जायचं नाही. आणि अख्खी बिल्डिंग म्हणते, "फार लाड करतात बाई त्याचे." अहो ह्यात लाड कुठे आलेत? लाड म्हणजे हौस पुरवणं, ह्या पोराची एक हौस धड पुरी होत नाही. त्याला नुसतं जपून ठेवलंय.

तर दोन गोष्टी हव्या आहेत. एक म्हणजे असं अति जपून पोराला दुबळं करण्याला आपल्याकडे चालता-बोलता शब्द आहे का. दुसरं, लाड, कोड, चोचले वगैरे शब्द मूळचे कुठले.

लाडाचं मला माहीत आहे तेवढं लिहिते. संस्कृतात लड् आणि लल् असे जवळजवळ जुळे धातू आहेत, अर्थ खेळणं, बागडणं. त्यावरून लाडयति, लालयति म्हणजे खेळवणं, कुरवाळणं. लालनपालन मधलं लालन तेच. आपल्याकडे त्याचा नुसता खजिना झालाय: लाड, लाडका, लाडिक, लडिवाळ, लळा, लाडावणे, लाडीगोडी. म्हणजे मूळ अर्थात वस्तू आणून देणं नाही आणि पोर बिघडवणंही नाही, मूळ अर्थ आहे पोराला खेळवणं. बिघडवण्याचा अर्थ आणायचा तर आपल्याला पुढे काहीतरी जोडावं लागतं, फाजील लाड, नसते लाड, भलते लाड. नुसत्या लाडात मराठीने दोष धरलेला नाही, आणि मला ते फार आवडतं.

कोड आणि चोचल्यांचं जाणकारांनी सांगा.

पोथीवाला:
ओसरीताई, उत्तम धागा. कोडाचं मी सांगतो कारण तो माझ्या फार आवडीचा शब्द आहे.

हेमचंद्र हे बाराव्या शतकातले जैन आचार्य, गुजरातेत अणहिलवाड पाटणला सिद्धराज जयसिंहाच्या दरबारी होते. त्यांच्या सिद्धहेम व्याकरणाचा आठवा अध्याय प्राकृतावर आहे आणि त्याच्या शेवटी अपभ्रंश भाषा येते, म्हणजे प्राकृतानंतरची आणि आजच्या भाषांच्या आधीची बोली. तिथे एका सूत्रात ते सांगतात की अपभ्रंशात अमुक संस्कृत शब्दाच्या जागी अमुक शब्द वापरतात. त्या यादीत "कौतुकाला कोड्ड" असं स्पष्ट आहे, आणि त्याच्याच शेजारी "क्रीडेला खेड्ड". उदाहरणाचा दोहा तर असा आहे की मराठी माणसाला अर्ध्याहून जास्त न शिकवता कळावा. त्यातला तुकडा: "कोड्डेण घल्लइ हत्थु". हत्ती इतर झाडांवर सोंड टाकतो ती नुसती कोडाने, कौतुकाने, मन मात्र एका सल्लकीच्या झाडावरच असतं. घल्लइ म्हणजे आपलं घाली, घालतो. हत्थु म्हणजे हात, इथे सोंड. त्याच यादीत विट्टाल हा शब्द आहे, तो आपला विटाळ.

म्हणजे कोडकौतुक ह्या जोडशब्दात कोड म्हणजेच कौतुक. एकाच अर्थाचे दोन शब्द, एक लोकांच्या तोंडचा आणि एक संस्कृत, हातात हात घालून. बाजारहाट, धनदौलत हे जसे झाले तसं. लाडकोड मध्ये मात्र दोन वेगळ्या गोष्टी एकत्र आल्यात, लाड म्हणजे खेळवणं आणि कोड म्हणजे नवल वाटणं, आवड असणं. पोराकडे बघून नवल वाटतं म्हणून त्याला खेळवायचं, असा तो अख्खा भाव आहे. (अंगावरचं पांढरं कोड वेगळं बरं का, ते कुष्ठ ह्या शब्दावरून आलंय, त्याचा ह्याच्याशी काही संबंध नाही.)

आता ओसरीताईंच्या मुद्द्याला दुजोरा. लाडात मूळचा दोष नाही ह्याचा सगळ्यात सुंदर पुरावा ज्ञानेश्वरीच्या बाराव्या अध्यायाच्या सुरुवातीला आहे. गुरूची कृपादृष्टी ही आई आहे अशी कल्पना करून माऊली तिला म्हणतात, "सोहंसिद्धीचे लळे । पाळिसी तूं". लळे पाळणे म्हणजे आज आपण लाड पुरवणे म्हणतो तेच. आणि पुढे ती आई काय काय करते बघा. आधारशक्तीच्या मांडीवर वाढवते, हृदयाच्या आकाशाचा पाळणा करून झोके देते, मन आणि प्राणवायू ह्यांची खेळणी करते, आत्मसुखाची बाळलेणी घालते, अनाहत नादाची अंगाई गाते. तिथे अंगाईला हल्लरू असा शब्द आहे, मला तर तो वाचतानाच झोका जाणवतो. एवढे लाड करून साधक बिघडत नाही, समाधीपर्यंत पोचतो. शके १२१२ म्हणजे इ.स. १२९० चा ग्रंथ, तेव्हा लळे पाळणं ही थोर गोष्ट होती.

आणि लगेच पुढे म्हणतात की ह्याच कारणाने "मी साउली । न संडीं तुझी". सावली न सोडण्याचा हट्ट इथे लेकराचा आहे, आईने कोंडून ठेवलेलं नाही. मला वाटतं तुमच्या बिल्डिंगमधल्या प्रकारात नेमका हाच फरक आहे.

मांजलपूर:
बडोद्याहून लिहितेय, आमच्या चार पिढ्या इथेच, घरात मराठी आणि दारात गुजराती. कोड वाचून फार आनंद झाला कारण गुजरातीत हा शब्द अजून रोजच्या वापरात आहे. कोड म्हणजे मनातली हौस, आस. लग्न ठरलेल्या मुलीला कोडभरी म्हणतात, म्हणजे मनात खूप स्वप्नं असलेली. त्यात आईबापांनी केलेल्या कौतुकाचा अर्थ नाही, ती आस तिची स्वतःची असते.

लाडाचंही असंच. इथे लग्नाच्या गाण्यांत नवऱ्याला लाडो आणि नवरीला लाडी म्हणतात. मी लहानपणी गोंधळून जायची, आजी मला लाडी म्हणायची तेव्हा शेजारच्या बायका हसायच्या की हिचं लग्न एवढ्यात कुठे.

कृष्णाकाठ:
आमच्याकडं सांगली-कोल्हापूर भागात लाड करणाऱ्यापेक्षा ज्याचे लाड झालेत त्याच्यासाठी शब्द जास्त हायत. लाडावलंय, शेफारलंय, सोकावलंय, डोक्यावर बसलंय, ऐकंनासं झालंय. ह्या सगळ्यांत फरक हाय पण. लाडावलेलं पोरगं गोड असू शकतं, आजीच्या मांडीत जाऊन लोळणार एवढंच. शेफारलेलं पोरगं उलटून बोलतं. सोकावलेल्याला चटक लागलेली असती, एकदा मिळालं की परत परत तेच पायजे, म्हणून तर म्हातारी मेल्याचं दुःख नाही पण काळ सोकावतो असं म्हणत्यात. काळाला कुणी लाडावला म्हणत नाही.

आणि लाडोबा विसरू नका. खंडोबा, म्हसोबा, विठोबा ह्यांचा ओबा लावून पोराला देव करून टाकलाय. पोटोबाचं पण तसंच. ज्याच्यापुढं घरानं हात जोडलेत तो लाडोबा.

तुमचं ते सहावीतलं पोरगं ह्यातल्या एकाही शब्दात बसत नाही. ते ना लाडावलंय ना शेफारलंय. बिचारं घरकोंबडं करून ठेवलंय.

हडसनपार:
एक शंका. इंग्रजीत मॉलीकॉडल असा शब्द आहे, नेमका ओसरीताई म्हणतात त्याच अर्थाचा, अति जपून नाजूक करून ठेवणं. त्यातलं कॉडल आणि आपलं कोड, लाडकोड, हे एकच असेल का? उच्चार इतका जवळ आहे की मला वर्षानुवर्षं तसं वाटत आलंय आणि इथल्या मराठी मंडळात पण बरेच जण छातीठोकपणे तसं सांगतात. इथे सकाळी शाळेच्या दारात गाड्यांची रांग लागते तेव्हा हा शब्द कानावर पडतोच. हेलिकॉप्टर पेरेंट, म्हणजे मुलावर सतत घिरट्या घालणारे आईबाप, हा तर आता जुना झाला.

पोथीवाला:
हडसनपार, नाही हो. कॉडल हा स्वयंपाकघरातला शब्द आहे, उकळी फुटू न देता गरम पाण्यात हळूहळू शिजवणं, अंडी अशी करतात. आजाऱ्याला द्यायच्या कॉडल नावाच्या कोमट पेयाशी त्याचा संबंध जोडतात, आणि ते पेय लॅटिनमधल्या गरम ह्या अर्थाच्या शब्दाकडे जातं. मॉली हे मेरीचं घरगुती नाव, बायकी वागणाऱ्या पुरुषाला हिणवायला वापरायचे. दोन्ही मिळून तो शब्द एकोणिसाव्या शतकात रुळला. म्हणजे त्यांच्या शब्दात पुरुषाला नाजूक म्हणून टोचणं आहे आणि मंद आचेवर ठेवणं आहे. आपल्या कोडात नवल आहे. उच्चार जुळला म्हणून शब्द जुळत नाहीत.

बालवाडीच्या_बाई:
लालन शब्द निघाला म्हणून मला लिहावंच लागतंय. चाणक्यनीतीतला तो श्लोक सगळ्यांना पाठ असतो, "लालयेत् पञ्च वर्षाणि दश वर्षाणि ताडयेत्", पाच वर्षं लाड करा, पुढची दहा वर्षं मार द्या, सोळावं लागलं की मुलाशी मित्रासारखं वागा. पालकसभेत कोणीतरी आजोबा तो म्हणतातच. त्याच नीतीत आणखी एक आहे, लाडात पुष्कळ दोष आणि ताडनात पुष्कळ गुण, म्हणून पोराला आणि शिष्याला मारावं, लाड करू नयेत. मला हे अजिबात मान्य नाही आणि शाळेपुरतं बोलायचं तर २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने मुलाला मारायला आणि मानसिक त्रास द्यायला सरळ बंदी आहे. इतक्या गोड शब्दासमोर छडी उभी करून आपण लाडालाच गुन्हेगार करून टाकलं, ज्ञानेश्वरांचा लळा कुठे आणि हे कुठे.

पण ओसरीताई म्हणतात तो फरक मी रोज बघते. मधल्या सुट्टीत डबे उघडायचे असतात. काही मुलं झाकणाशी झटापट करतात, एका बाजूने नख घालून बघतात, मग पोटाशी धरून दुसऱ्या हाताने ओढतात, सांडतात, हसतात. काही मुलं डबा समोर ठेवून हात मांडीवर घेऊन नुसती बसून राहतात, माझी वाट बघत. रडत नाहीत, मागत नाहीत. डबा आपण उघडायचा असतो हेच त्यांना माहीत नसतं. ही मुलं हट्टी नसतात हे मी पैजेवर सांगते. ज्यांचे भरपूर लाड होतात ती हट्टी मुलं तर डबा दाताने उघडतील. मांडीवर हात घेऊन बसलेल्या मुलाला लाडावलेलं म्हणणं हा त्याच्यावर अन्याय आहे, कारण त्याचे लाड झालेच नाहीत, त्याला कोणी खेळू दिलेलंच नाही. लड् म्हणजे खेळणं असेल तर हे अगदी उलटं झालं ना?

वऱ्हाडातली_माय:
बाई, लई खरं लिहिलं तुम्ही. पण मी जपणाऱ्यांच्या बाजूनं थोडं सांगते. आमच्या सासूबाईच्या वेळेस घरात पाळणे हलायचे पण लेकरं टिकायची नाहीत. गोवर, हगवण, ताप. दोन-तीन गेल्यावर जे वाचलं त्याचं नावच धोंडू, दगडू, केरू, भिकू असं ठेवायचे, म्हणजे हे टाकाऊ आहे, ह्याच्यावर कोणाची नजर नको. कोंडाजी नावाचं पण असंच सांगतात, लेकरू दुसऱ्याच्या पदरात टाकायचं आणि मूठभर कोंडा देऊन परत घ्यायचं. नाव असं दगडाचं आणि जपणं मात्र हाताचा पाळणा आणि डोळ्याचा दिवा करून. तीट लावल्याशिवाय बाहेर काढायचं नाही, संध्याकाळी मीठमोहरी उतरवायची. नवसाचं लेकरू म्हटलं की सगळ्यायनं समजून घ्यायचं.

त्या बायांनी लेकरं जाताना डोळ्यानं पाहिली होती. त्यायची भीती खोटी नव्हती. आता लसी आल्या, दवाखाने आले, पण ती भीती घराघरात तशीच उतरली असं मले वाटते, आजीकडून आईकडे. म्हणून त्या सहावीतल्या पोराच्या आईले बोल लावायच्या आधी तिच्या घरात काय होऊन गेलं ते एकदा बसून विचारा.

तिखटमीठ:
चोचल्यांबद्दल. आमच्याकडे सगळे सांगतात की पक्षीण पिलाच्या चोचीत घास भरवते त्यावरून चोचले पुरवणे. ऐकायला गोड आहे पण मला पटत नाही. हिंदीत हाच शब्द चोचला, चोंचला असा आहे आणि तिथे अर्थ आहे नखरा, लाडिक चाळे. त्यात भरवणं नाही, घास नाही, पिल्लूही नाही. मराठीतसुद्धा बघा, चोचले ज्याचे असतात तोच मागत असतो: जिभेचे चोचले, श्रीमंतांचे चोचले. आधी ते नखरे, मग ते पुरवणारा कोणीतरी. पिलाला भूक लागते तो चोचला थोडाच आहे? म्हणून लाड बाळाचे होतात पण चोचले मोठ्यांचेही होतात, आणि चोचले शब्द कौतुकाने कोणी वापरत नाही.

जाता जाता, लाडू लाडावरून आला का असं कोणीतरी विचारणारच म्हणून सांगून ठेवते, लाडू संस्कृत लड्डुकावरून आलाय. आणि लाड आडनावाचा, वाशीम जिल्ह्यातल्या कारंजा लाडचा संबंध लाट देशाशी म्हणजे दक्षिण गुजरातशी जोडतात, कौतुकाशी नाही.

मांडवीकाठ:
गोंयांतून नमस्कार. आमच्या कोंकणीत ह्या प्रकाराला फार गोड शब्द आहे, अपुरबाय. अपूर्व वरून आलेला, मराठीतलं अप्रूप त्याच घरातलं. भुरग्याची म्हणजे लहान मुलाची अपुरबाय करणं म्हणजे त्याचं कौतुक करणं, त्याने चार पावलं टाकली तरी सगळ्या वाड्याला सांगणं. पोथीवाल्यांनी कोडाचं नवल सांगितलं ते वाचून मला हेच आठवलं, दोन्हीकडे मूळ भाव एकच, पूर्वी कधी न पाहिलेलं असं काहीतरी समोर आलंय.

अजून एक भर. देवळातल्या उत्सवाच्या शेवटी कोकणात आणि आमच्याकडे लळीत होतं, सोंगं येतात, संवाद होतात, रात्र जागते. लळीत म्हणजे ललित, तो पण त्याच लल् धातूचा. देवाला सुद्धा खेळवूनच उत्सव संपवतात.

ओसरी:
सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. वऱ्हाडातल्या माय, तुमचं वाचून मी बराच वेळ थांबले. बोल लावायचा नाही हे कबूल. पण तरीही मला शब्द हवा आहे कारण शब्द नसेल तर त्या आईशी बोलायचं कसं? तिला "लाड कमी कर" असं सांगितलं तर ती म्हणणार मी कुठे लाड करते, मी तर किती कडक आहे, आणि ते खरंच आहे. लाड कमी केल्याने तिच्या मुलाचं काही भलं होणार नाही, उलट असलेले दोन-चार लाडही जातील.

मी विचार करत होते की मराठीत जपण्याचे सगळे वाक्प्रचार स्तुतीचे आहेत. जिवापाड जपणं, डोळ्यांत तेल घालून जपणं, तळहातावरच्या फोडासारखं जपणं. हा शेवटचा मात्र नीट बघा हं. तळहाताला फोड आलेला असतो तेव्हा त्या हाताने आपण काहीच करत नाही. बादली उचलत नाही, पीठ मळत नाही, रिक्षाचा दांडा पकडत नाही. जपलं जातं फोडाला आणि बिनकामाचा होतो हात. आपण हे कौतुकाने म्हणतो पण त्याचं नुकसान तिथेच सांगून ठेवलेलं आहे असं मला वाटतं.

मग लाडाला जसं फाजील जोडतो तसं जपण्याला का जोडू नये? फाजील जपणूक. बालवाडीच्या बाई, तुम्ही पालकसभेत असं म्हणाल का?

बालवाडीच्या_बाई:
म्हणेन की! आणि पालकांना लगेच समजेल पण. "अतिजपणूक" वगैरे केलं तर सरकारी परिपत्रकातलं वाटेल. फाजील म्हटलं की फाजील आत्मविश्वास, फाजील लाड, सगळं ओळखीचं आहे. मी अजून एक करेन, लाड करा असं आवर्जून सांगेन. मांडीवर घ्या, गोष्ट सांगा, भिजू द्या आणि मग डोकं पुसून द्या, ते पुसणं म्हणजे लाड. डबा मात्र त्याचा त्याला उघडू द्या.

कृष्णाकाठ:
फाजील जपणूक झकास. माझ्याकडनं एक पर्याय ठेवतो, बोलण्यात खपंल असा: "पोरगं पदराआड वाढवलंय". आमच्यात आजी असंच म्हणायची, त्यात आईचा राग पण नाही आणि पोराची दया पण हाय.

पोथीवाला:
फाजील शब्दाचं थोडं सांगून ठेवतो कारण तो ह्या धाग्यात शोभतोय. मूळ अरबी, अर्थ जास्तीचा, शिल्लक उरलेला, आणि त्यावरूनच इतरांपेक्षा वरचढ, विद्वान असाही. उर्दूत आलिम-फाजिल म्हणजे मोठा पंडित, मदरशांतल्या एका पदवीचं नावही फाजिल आहे. मराठीने त्यातलं पांडित्य सोडून दिलं आणि नुसतं जास्तीचं तेवढं घेतलं, गरजेपेक्षा वर गेलेलं. त्यामुळे फाजील जपणूक म्हटलं तर जपणुकीला कोणी वाईट म्हणत नाही, फक्त गरजेपुरती होऊन वर किती उरली ते मोजायला सांगतं. सहा महिन्यांच्या बाळाला जी जपणूक पुरेशी असते तीच सहावीतल्या मुलाला फाजील होते, आणि त्या आईला हे ह्याच शब्दांत सांगता येईल.